हेल्मेटच्या आत

माझ्या आजीच्या तोंडी ‘ताण’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. तिच्या जिवाला घोर लागत असे, तिचे मन कशात लागत नसे, कधी तिला संसाराचा उबग येई, आणि फारच झाले म्हणजे ‘जीव टांगणीला लागला बाई!’ असे म्हणून ती देवापुढे निरांजन लावी. पण ताण तिला कधी आला नाही. त्या काळी ताण असे तो तंबोऱ्याच्या तारेला आणि तंबूच्या दोरीला. माणसाच्या मनाला हा शब्द नेमका केव्हा येऊन चिकटला, हे कोशकारांनी शोधून काढावे. आज मात्र तो घरोघर झाला आहे. बँकेतल्या कारकुनाला मार्चअखेरीचा ताण, पुण्याच्या संगणक-अभियंत्याला अमेरिकेच्या घड्याळाचा ताण, दहावीतल्या मुलाला परीक्षेचा आणि त्याच्या आईला त्या मुलाचा. आम्हा प्राध्यापकांना तर तास न घेण्याचाही ताण येतो, असे आमच्या महाविद्यालयातल्या शिपाईमामांचे मत आहे.

मौज अशी की, ही सारी मिळकत आपण पांढरपेशांनी आपल्याच नावावर करून घेतली आहे. ताण साहेबाला, ताण मालकाला. हाताने काम करणाऱ्याच्या वाट्याला आपण फक्त थकवा ठेवला आहे. ‘दिवसभर राबतात आणि रात्री दगडावर डोके टेकले तरी घोरतात. भाग्यवान आहेत बिचारे!’ हे वाक्य जिथे कधी उच्चारले गेले नाही असे मध्यमवर्गीय घर विरळाच. त्यातून तो कष्टकरी रानातला असला म्हणजे मग विचारूच नका. आमच्या क्रमिक पुस्तकांतला आदिवासी बारा महिने चांदण्यात ढोलाच्या तालावर नाचत असतो. नाचणाऱ्या माणसाला रात्री झोप लागत नसेल, ही कल्पना कवीच्या मनाला शिवायची तरी कशी?

मला ती एका ट्रक-ड्रायव्हरने सुचवली, आणि तीही सूरजागडच्या वाटेवर.

सूरजागडचे नाव आपण वर्तमानपत्रांत वाचतो. पण ते नकाशावर दाखवा म्हटले तर मुंबई-पुण्याचे बोट बहुधा नागपुरापाशीच अडखळेल. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात हा डोंगर आहे. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तोवर हा सगळा मुलूख चांद्याचाच होता. आलापल्लीचे उंच साग मागे टाकून एटापल्लीच्या पुढे गेले म्हणजे माडिया गोंडांची गावे लागतात. सूरजागड हे त्यांच्या ठाकूरदेवाचे ठिकाण. दर जानेवारीत तिथे यात्रा भरते आणि दूरदूरच्या पाड्यांवरून माणसे चालत येतात. डोंगराच्या माथ्यावर देव आणि पोटात लोखंड, अशी या जागेची कुंडली आहे. आणि पोटातले लोखंड कितीही जुने असले, तरी ते काढण्याची घाई नवी आहे.

२००७ साली लॉइड्स मेटल्स या कंपनीला येथे सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा मिळाला. पण खाण नीट चालू व्हायला पुढची चौदा वर्षे जावी लागली. २०१३ च्या जूनमध्ये कंपनीचा एक वरिष्ठ अधिकारी, एक ठेकेदार आणि एका गावचा पोलीस पाटील अशा तिघांना नक्षलवाद्यांनी ठार मारले. २०१६ च्या डिसेंबरात खनिज वाहून नेणारी सत्तरांहून अधिक वाहने एका दिवसात जाळली गेली. २०१९ च्या जानेवारीत गुरुपल्लीजवळ खनिजाचा ट्रक आणि एस. टी. ची बस यांची टक्कर झाली, बसमधली माणसे दगावली, चिडलेल्या लोकांनी ट्रक पेटवून दिले आणि काम पुन्हा थांबले. ते २०२१ मध्ये सुरू झाले ते आजतागायत. २०२३ मध्ये वर्षाला तीस लाख टनांऐवजी एक कोटी टन खनिज काढण्यास पर्यावरण खात्याने संमती दिली, आणि पुढे तो आकडा आणखी वाढला. कोनसरीला पोलादाचा कारखाना उभा राहिला. २०२५ च्या ऑक्टोबरात नक्षल चळवळीतला एक मोठा नेता साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. त्याच्या आधी शरण आलेल्यांपैकी काहींना तर कोनसरीच्या कारखान्यात नोकऱ्याही मिळाल्या आहेत. काळाने घेतलेले हे वळण कुठल्याही कादंबरीकाराला हेवा वाटावा असे आहे.

तुम्ही-आम्ही हे सगळे चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो. तिथे नोकरी करणाऱ्याला मात्र या बातम्या नसतात; ते त्याच्या कामाचे हवामान असते. आपण सकाळी बाहेर पडताना छत्री घ्यावी की नाही याचा विचार करतो. आज रस्ता शांत आहे ना, काल गावात कोणी काय म्हणाले, आपण कामाला जातो हे कोणाला खुपते आहे, याचा विचार करून त्या भागातला माणूस कित्येक वर्षे घराबाहेर पडला. बंदुकांचा आवाज आता कमी झाला आहे आणि त्याचा सर्वांनाच आनंद आहे. पण कान लगेच विसरत नाहीत.

त्या भागात आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर होते. परतताना आलापल्लीच्या चौकात चहाला थांबलो, तो मागून ‘सर’ म्हणून हाक आली. दोन वर्षे माझ्या वर्गात बसलेला, तिसऱ्या वर्षी न दिसलेला एटापल्लीकडचा एक मुलगा समोर उभा होता. आता तो मुलगा राहिला नव्हता. अंगात चकाकत्या पट्ट्यांचे जाकीट, काखेत हेल्मेट, पायांत जाड बूट. कोणत्या ठेकेदाराकडे होता ते सांगण्याचे इथे कारण नाही. खनिजाचा ट्रक चालवीत होता, आणि पगार ऐकून माझ्याबरोबरचे तरुण प्राध्यापक थोडे गंभीर झाले. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाने दुसऱ्याचा पगार विचारू नये.

“काम फार जड असेल?” मी विचारले.

“काम जड नाही जी सर,” तो म्हणाला, “रात्र जड आहे.”

मग चहा निवेपर्यंत तो बोलत राहिला. आठवडाभर दिवसपाळी, मग आठवडाभर रातपाळी. शरीराला एक सवय लागते न लागते तोच ती मोडायची. सकाळी घरी यावे तर घर जागे झालेले. कोंबडे, पोरे, शेजारी, सगळ्यांचा दिवस आणि याची एकट्याची रात्र. “डोळे मिटले का रस्ताच दिसते. समोरून बस येते.” कोणती बस, ते त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्या रस्त्यावर प्रत्येक ड्रायव्हरला ती एकच बस ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट त्याने जरा थांबून सांगितली. त्याचा मुकादम परप्रांतातला. काम शिकवताना, हजेरी घेताना, चूक दाखवताना तो ज्या शब्दांनी हाक मारी ते शब्द त्या मुलाला घरी कोणी कधी वापरले नव्हते. “आमच्याकडं बाप बी पोराले असं बोलत नाही सर. पण बोलाचं कोनाजवळ? त्याच्याच हातात हजेरी आहे.”

आणि तिसरी गोष्ट तर मी कुठल्याही पुस्तकात वाचली नव्हती. मागच्या जानेवारीत यात्रेला रजा मिळाली नाही. ज्या दिवशी सारे गाव ठाकूरदेवाला गेले, त्या दिवशी हा त्याच डोंगराचे खनिज ट्रकात घालून उलट्या दिशेने चालला होता. वाटेत गावची माणसे भेटली. कोणी काही बोलले नाही. “बोलले असते तर बरं झालं असतं सर,” तो म्हणाला.

आता या तिन्ही गोष्टींत त्याच्या अंगाला खरचटलेसुद्धा नाही, हे ध्यानात घ्या. हेल्मेट शाबूत, बूट शाबूत, हातपाय शाबूत. १९५२ च्या खाण कायद्याने अपघातांच्या नोंदीचे नियम बारकाईने घालून दिले होते. बहात्तर तास किंवा त्याहून अधिक काळ कामावर येता येणार नाही इतकी इजा झाली, तर ती कळवण्याजोगी ठरत असे. नियम चोख होता. पण मनाला इजा झालेला माणूस बहात्तर तास घरी बसत नाही. तो दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर येतो, जाकीट घालतो आणि पंचवीस-तीस टनांचा ट्रक चालू करतो. नोंदवहीच्या दृष्टीने तो धडधाकट असतो. रस्त्यावरून येणाऱ्या बसच्या दृष्टीने तो तसा असतोच असे नाही.

इथे एखादा वाचक म्हणेल, ‘अहो, नोकरी म्हटली की हे आलेच. आमच्या साहेबांना काय कमी ताण आहे?’ साहेबांच्या ताणाबद्दल मला आदर आहे. पण इंग्लंडात या साहेबांची एकदा रीतसर मोजदाद झाली, आणि तिचा निकाल मोठा गमतीचा लागला. लंडनला सरकारी कचेऱ्यांचा व्हाइटहॉल नावाचा भाग आहे. तिथल्या सुमारे अठरा हजार पुरुष नोकरांची तपासणी १९६७ पासून सुरू झाली आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. मायकेल मार्मट यांचे नाव या अभ्यासामुळे जगभर झाले. सर्वांची अटकळ अशी की, हृदयविकाराने जाणार ते मोठे अधिकारी. जबाबदारी त्यांच्या डोक्यावर, फायली त्यांच्या टेबलावर. निघाले ते अगदी उलटे. सर्वांत खालच्या पायरीवरच्या नोकरांत हृदयविकाराच्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्यांच्या सुमारे तिप्पट होते. विडी-सिगारेट, रक्तदाब वगैरेंचा हिशेब वजा केला तरी फरक पुरता मिटेना. आणि हे कोणी खाणकामगार नव्हते. एकाच छपराखाली, डोक्यावर पंखा असलेली, पेन्शनीची नोकरी करणारी माणसे होती.

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट कॅरासेक यांनी याचे मर्म नेमके हेरले. नुसते काम जास्त असल्याने माणूस मोडत नाही, असे त्यांचे म्हणणे. काम जास्त आणि त्यात आपला शब्द मात्र कुठेच नाही, ही जोडी माणसाला मोडते. कधी यायचे, कधी थांबायचे, कसे करायचे, चुकले तर कोणाला विचारायचे, यातले काहीच ज्याच्या हातात नाही, त्याचे मन ताणलेल्या तारेसारखे राहते. आणि तार वाजवणारा दुसराच असतो. साहेबाच्या टेबलावर फायलींचा ढीग असेल, पण ‘उद्या बघू’ म्हणण्याचा अधिकार त्याच्याजवळ असतो. आमच्या ट्रक-ड्रायव्हरला ‘उद्या बघू’ म्हणता येत नाही.

हे पटायला विलायतेला जाण्याचीही गरज नाही. त्याच गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा-लेखा नावाचे गोंडांचे एक गाव आहे. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये गावाने आपला बांबू आपल्या हिमतीवर विकला. बांबू तोडणे हे काही फुले वेचण्याचे काम नव्हे. उन्हातान्हात, काट्याकुट्यांत, पाठ मोडेपर्यंत राबावे लागते. पण किती तोडायचा, केव्हा तोडायचा, मजुरी काय ठेवायची, उरलेल्या पैशाचे काय करायचे, हे तिथे ग्रामसभेत बसून ठरते, आणि तेही बहुमताने नाही, सर्वांच्या संमतीने. घाम सूरजागडलाही गळतो आणि मेंढ्यालाही. एकीकडे घाम गाळणाऱ्याला विचारून दिवस आखला जातो. दुसरीकडे आखलेला दिवस फळ्यावर लिहून लावला जातो. आता गावाने बांबू विकावा तशी लोखंडाची खाण चालवता येणार नाही, हे मलाही कळते. पण फळ्यावर लिहिण्यापूर्वी विचारण्याला तर यंत्रसामग्री लागत नाही.

आणि ही विचारण्याची मागणी काही आजची नव्हे. महाराष्ट्राला तिचा विसर पडला एवढेच. नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव शाळेच्या पुस्तकात एखाद्या ओळीत येऊन जाते. सत्यशोधक समाजाचे हे कार्यकर्ते, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक, आणि स्वतः काही काळ मुंबईच्या गिरणीत स्टोअरकीपरचे काम केलेले. गिरणीच्या पोटातली गर्मी त्यांनी बाहेरून पाहिलेली नव्हती. १८८४ च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांनी एक अर्ज तयार केला. साडेपाच हजार कामगारांनी त्यावर सह्या केल्या. मागण्या कोणत्या? आठवड्यातून एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा.

ही यादी पुन्हा एकदा वाचून पाहा. यात पगार वाढवून द्या असे कुठेही नाही. वेळ नक्की करा, विसावा द्या, पगाराची तारीख पाळा, पडलो तर वाऱ्यावर सोडू नका. सगळ्या मागण्या मनाला टेकायला जागा मागणाऱ्या आहेत. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. त्या दोघी काय बोलल्या असतील, याचा विचार मी अनेकदा करतो. एकशे पस्तीस वर्षांपूर्वी दहा हजार माणसांपुढे उभे राहणे हेच केवढे बोलणे! अखेर १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असे लोखंड्यांचे म्हणणे होते असे सांगतात. मालक घड्याळाकडे पाहत होते आणि कामगारांच्या पुढाऱ्याला देवाचा वार आठवला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. सुट्टी म्हणजे नुसते हातपाय पसरणे नव्हे. आपल्या माणसांत, आपल्या देवापाशी परत जाण्याची ती वाट. मुंबईच्या कामगाराला खंडोबा मिळाला, तर सूरजागडच्या कामगाराला ठाकूरदेव का मिळू नये? वर्षातून एकदा येणाऱ्या यात्रेच्या दिवसांत पाळ्या कशा लावायच्या, हे डिसेंबरातच गावकऱ्यांना आणि कामगारांना एकत्र बसवून ठरवता येईल. त्यात लोखंड कमी निघाले, तरी डोंगर काही पळून जाणार नाही.

आता जगानेही हा विषय मनावर घेतला आहे. जपानी भाषेत ‘करोशी’ असा एक शब्दच आहे. अति कामाने येणारा मृत्यू असा त्याचा अर्थ. भाषेला एखाद्या गोष्टीसाठी शब्द घडवावा लागतो, तेव्हा ती गोष्ट किती घरांत घडून गेली असेल! जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एक अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला पंचावन्न तास किंवा त्याहून अधिक काम करण्यापायी २०१६ या एका वर्षात जगात पक्षाघाताने आणि हृदयविकाराने सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावली. त्याच २०२१ मध्ये ‘आयएसओ ४५००३’ या रुक्ष नावाची एक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका निघाली. कामाच्या जागी मनाला होणारे धोके कसे ओळखावे आणि ते कसे आवरावे, याचा हा पहिलाच जागतिक पाठ. नाव रुक्ष असले तरी म्हणणे सरळ आहे: उंचावरून दगड पडेल हा जसा धोका मानता, तसाच कामाचा अवाजवी बोजा, अनिश्चित पाळी, अपमानाची भाषा, छळ, एकटेपणा आणि नोकरी जाण्याची भीती हेही धोके माना, आणि ते उपटायचे तर कामाच्या रचनेतून उपटा.

या शेवटच्या वाक्यात सगळे सार आहे, आणि नेमके तेच आपल्याकडे नजरेआड होते. आपल्याकडे कामगारांच्या मनाचा विषय निघाला, की वर्षातून एकदा एखाद्या वक्त्याला बोलावतात. तो ‘सकारात्मक राहा’ असे सांगतो, सर्वांकडून चार दीर्घ श्वास घेववितो, आणि हार-श्रीफळ घेऊन जातो. श्वास घेण्याला माझा विरोध नाही. तो मीही घेतो. पण रात्रपाळी करून आलेल्या माणसाला अर्धा तास जास्त बसवून ताण कमी करण्याचे व्याख्यान देणे म्हणजे तहानलेल्याला पाण्यावर निबंध वाचून दाखवण्यासारखे आहे. ताण कामातून आला असेल, तर तो कामातूनच काढायला हवा.

आणि ते अशक्य मुळीच नाही. पाळ्या फिरवायच्याच असतील तर सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा सूर्याच्या चालीने फिरवाव्या; उलट्या फिरवल्या की शरीर हैराण होते. पुढच्या महिन्याची पाळी आधी कळली, तर माणसाला लेकीचे लग्न ठरवता येते, दवाखान्याची तारीख धरता येते, मोहफुले वेचायला घरच्यांबरोबर जाता येते. हजेरी आणि गाऱ्हाणे एकाच माणसाच्या हातात नसावे. मुकादमाला यंत्र शिकवतात तशी बोलण्याची रीतही शिकवावी. ज्याने डोळ्यांदेखत अपघात पाहिला, त्याला दुसऱ्याच दिवशी त्याच रस्त्यावर धाडू नये. ऐकणारा माणूस माडिया बोलणारा असावा. कारण मनातले दुःख आपण दुसऱ्या भाषेत सांगू लागलो, की त्यातले निम्मे भाषांतरातच सांडते. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही सेवा २०२२ च्या ऑक्टोबरापासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक फुकट लागतो आणि मराठीतही बोलता येते. तो क्रमांक फाटकावरच्या सूचनाफलकावर ‘हेल्मेट घाला’ या अक्षरांइतक्याच मोठ्या अक्षरांत असावा. आणि हे सारे कायम नोकरांइतकेच ठेकेदाराच्या माणसांनाही लागू असावे, कारण ज्याची नोकरी सर्वांत कच्ची त्याची झोपही सर्वांत कच्ची.

त्या खाणीत आता माडिया मुली अवजड वाहने चालवतात. हातभर उंचीच्या चाकांची नव्हेत, माणसाहून उंच चाकांची. २०१९ मध्ये केंद्र सरकारने उघड्या खाणींत स्त्रियांना रात्री काम करण्याची मुभा दिली, ती त्यांच्या लेखी संमतीच्या अटीवर. संमतीची ही अट मला फार मोलाची वाटते. ती कागदावरची सही न राहता खरोखरीचे विचारणे झाले, तर पुरुषांनाही पुढेमागे कोणी विचारील अशी आशा करायला हरकत नाही. लोखंडाच्या चाकावर बसलेल्या त्या मुलीचे छायाचित्र वर्तमानपत्रांत छापून येते, आणि यावेही. मात्र रातपाळीनंतर ती घरी कशी जाते, तिच्यासाठी स्वच्छतागृह किती दूर आहे, आणि कोणी वावगे बोलले तर २०१३ च्या कायद्याने नेमायची समिती तिला ठाऊक आहे का, हे छायाचित्रात दिसत नाही.

आणखी एक गोष्ट छायाचित्रात दिसत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती वरून लादलेली नाही. लोकांनी, विशेषतः बायकांनी, मागून घेतलेली आहे. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. त्यामुळे वैनगंगा ओलांडली की गरिबाचे ‘औषध’ राजरोस मिळते. ज्याच्या खिशात प्रथमच महिन्याचा पगार खुळखुळतो, ज्याची झोप उडाली आहे आणि ज्याला बोलायला कोणी नाही, त्याला हे औषध कोणी लिहून द्यावे लागत नाही. बायकांनी तीसहून अधिक वर्षे झगडून दाराबाहेर ठेवलेली बाटली पाळीच्या वेळापत्रकातून घरात शिरणार असेल, तर ते वेळापत्रक हा केवळ खाणीचा कारभार राहत नाही.

वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर हे वाचताना खाण फार दूर आहे असे तुम्हाला वाटेल. तसे ते नाही. ज्या कढईत चकल्या तळल्या आणि ज्या मोटारीतून भाऊबीजेला जाल, तिच्यात कुठल्या ना कुठल्या डोंगराचे लोखंड आहे आणि कोणाची तरी रातपाळी आहे. आणि लोखंड सोडा. ज्यांच्या हाताखाली एकही माणूस काम करत नाही अशी घरे आपल्यात किती? भांडी-धुण्याला बाई येतात, कुणाकडे ड्रायव्हर असतो, इमारतीच्या फाटकाशी बारा-बारा तास खुर्चीवर बसलेला पहारेकरी असतो. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार १८९० मध्ये गिरणीत पोहोचला. पण आपल्या स्वयंपाकघरातल्या मोरीपर्यंत यायला त्याला अजून सवड झालेली नाही. उलट रविवारी पाहुणे येतात म्हणून बाईंना आपण जरा लवकरच यायला सांगतो.

आमच्या घरी यंदा नवरात्रात पत्नीने आणि मी ठरवले, की बाईंना आठवड्याची एक पगारी सुट्टी द्यायची. साहजिकच आम्ही रविवार ठरवून टाकला होता; लोखंडे डोक्यात होतेच. पत्नी म्हणाली, “आधी त्यांना विचारा तरी, कोणता वार हवा ते.” मी विचारले. बाईंनी हातातले पातेले खाली ठेवले, पदराला हात पुसले आणि बराच वेळ विचार केला. एवढा विचार त्यांना करायला कोणी लावलाच नसावा.

“रविवार नको भाऊ,” त्या म्हणाल्या. “रविवारी नवरा घरी असते, पोरं घरी असतात, तुमच्याकडची सुट्टी घेऊन मी घरची भांडी घासू का? बुधवार द्या. बुधवारी माझ्या घरी कोणीच नसते.”

तेव्हापासून बुधवारची भांडी मी घासतो.